पहिला हंडा

जिजी आमच्याकडे राहायला आल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मला चहाला पातेलं मिळेना. ओट्यावरचं पातेलं पाण्याने भरलेलं. त्याच्या शेजारचंही भरलेलं. कुकर भरलेला, परात भरलेली, मिक्सरचं भांडं भरलेलं आणि माझ्या मुलीच्या शाळेच्या डब्यातही काठोकाठ पाणी भरून वर झाकण लावलेलं. आणि जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई, पदराला हात पुसत मोरीच्या दाराशी उभ्या. चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद.

"नळाला पाणी आलं व्हतं गं वंदा. तू झोपली व्हती. म्हटलं, जायच्या आत भरून टाकावं."

"अहो जिजी, इथे नळाला दिवसभर पाणी असतं!"

"आसंल. पण जाताना ते काय सांगून जातं व्हय?"

मी एक पातेलं बेसिनमध्ये ओतायला उचललं तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "सांडू नको. त्याचाच चहा कर." त्या पातेल्यात अख्ख्या बिल्डिंगचा चहा झाला असता. माझं डोकं सणकलं होतं, पण सकाळी सकाळी सासूशी कोण वाद घालणार? मी निमूटपणे गॅस पेटवला.

मी मूळची नाशिकची, गोदावरीच्या काठावर वाढलेली. पाणी ही काही विचार करण्याची गोष्ट आहे, असं लग्न होईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. माझं सासर चांदवडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर कसले, उघडेबोडके कातळ. पाऊस झाला तर कांदा, नाही तर नुसती वाट बघणं. नव्वदच्या सुरुवातीला लग्न झालं आणि पहिल्याच उन्हाळ्यात मी तिथे राहायला गेले. हायवेच्या फाट्यावर एसटीतून उतरले, तर वाऱ्याने डोक्यावरचा पदर असा ओढला की मला वाटलं मागून कोणी तरी धरलाय. गावात शिरले तर प्रत्येक घराच्या पत्र्यावर दगड ठेवलेले. वारा पत्रे उडवून नेतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी आंघोळीसाठी जिजींनी मला बाजेवर बसवलं आणि बाजेखाली घमेलं सरकवलं. मला वाटलं, नव्या सुनेची काही तरी रीत असेल. आता हळद लावतील, ओवाळतील, अशा अपेक्षेने मी आपली लाजून बसले! तर जिजी म्हणाल्या, "बसली काय अशी? आटप. खालच्या पाण्यात धुणं भिजवायचंय." त्या पाण्यात खरोखरच धुणं भिजलं आणि धुण्याचं पाणी अंगणात शिंपडलं गेलं, धूळ बसावी म्हणून. मी त्या दिवशी ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एका कोपऱ्यात गाठून विचारलं, "ही माणसं इथे राहतात तरी कशाला?" हे म्हणाले, "मलाही कधी कळलं नाही. म्हणून तर शिकलो आणि निघालो."

अंगणात एक कडुलिंब होता, चांगला डेरेदार. असल्या कोरड्या गावात एवढं झाड कसं वाढलं याचं मला नवल वाटलं. जिजी म्हणाल्या, "पाव्हण्यांच्या उष्ट्यावर वाढलंय ते." दारात येईल त्याला त्या आधी तांब्याभर पाणी देत. मग तो कुणी असो, घरात पाणी असो-नसो. तांब्यात जे उरेल ते झाडाला. "तू आल्या आल्या अर्धा तांब्या ठेवला ना? तो बी त्यालाच घातला. म्हणजे तुझा बी वाटा हाय त्याच्यात."

त्याच मुक्कामात मी पहिल्यांदा टँकर आलेला पाहिला. टँकर गावच्या विहिरीत रिकामा करायचे आणि मग बायका दोर घेऊन विहिरीवर तुटून पडायच्या. काय ती भांडणं! जिजी पुढे. एरवी देवाचं नाव घेणारी बाई तिथे अशा काही शिव्या घालत होती की मी कान झाकून घ्यावेत. पण एक गंमत पाहिली. टँकरची तोटी उघडली तेव्हा सगळ्याजणी काठावर दोर घेऊन तयार, पण पोहरा कोणी टाकेना. पारूबाई नावाची जिजींची शेजारीण ओरडली, "सोनाराची सून बाळंत झालीय." लगेच जिजींनी पहिला हंडा शेंदला, पारूबाईने तो डोक्यावर घेतला आणि त्या घरी पोचवायला निघाली. ती वाटेला लागली मात्र, विहिरीवर धुमश्चक्री सुरू!

"पहिला हंडा आपला नसतो," जिजी घरी येताना म्हणाल्या. "ज्या घरात बाळंतीण, आजारी, नायतर मयत, त्याचा असतो. मग भांडायचं."

"आणि त्यांनी मागितला नाही तर?"

"मागायला लागलं तर आपण काय कामाचे?"

अशी ही बाई. सासरे लवकर गेले होते, हे शिकायला नाशिकला, आणि जिजी त्या वाऱ्याशी एकट्याच भांडत राहिल्या होत्या. भांडत म्हणजे खरोखर भांडत. वैशाखात दुपारी वारा सुटला की दारात उभं राहून म्हणायच्या, "आला का रं? ये, ये. मागल्या साली एक पत्रा नेला तू, यंदा दोन दगड जास्त ठेवलेत." जावयाची थट्टा करावी तसा सूर. वारा नसला तर त्यांना चैन पडायचं नाही.

मग एका मे महिन्यात त्या शेतातून येताना ऊन लागून पडल्या. पारूबाईने कांदे ठेचून तळपायांना चोळले, कैरीचं पन्हं पाजलं, म्हणून वाचल्या. हे निरोप मिळाल्याबरोबर गेले आणि त्यांना गाडीत घालून थेट गंगापूर रोडला, आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. "आता परत जायचं नाव काढायचं नाही," ह्यांनी बजावलं. "आयुष्यभर भाजलीस. आता सावलीत बस." जिजींनी मान डोलावली. वाद घालण्याइतकं त्राण त्या दिवशी अंगात नव्हतं.

पातेल्यांचा तो प्रकार त्यानंतरचा. पण तेव्हा निदान त्यांच्यात जोम होता. पुढे तोही आटत गेला. गॅलरीत खुर्ची टाकून दिली होती, तिथे बसून राहत. जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. मी त्यांना एकदा विचारलं, "जिजी, काय होतंय?" त्या म्हणाल्या, "काय नाय गं. इथं सगळं बेस हाय. वारा सुदीक चपला काढून घरात येतो." मग खाली रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, "पण मला कुणी काय मागतच नाय गं वंदा. सकाळपासनं कुणी काय मागितलं नाय."

मला खरं सांगायचं तर राग आला. एवढं करतोय, गादी आहे, पंखा आहे, हातात ताट देतोय आणि ह्यांना कोणी तरी मागायला यायला हवं! त्या दिवशी मी भांडी जरा जोरातच आपटली.

आणि मग आमच्या भागातली मोठी पाइपलाइन फुटली. दोन-तीन दिवस नळाला टिपूस नाही. पुढच्या वर्षीचा ऐन उन्हाळा. पहिल्या दिवशी वरच्या टाकीतलं संपलं आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीत टँकर आला. सगळ्या बायका बादल्या घेऊन खाली. ज्यांच्या तोंडून कधी "अय्या"शिवाय शब्द निघाला नव्हता, त्या एकमेकींच्या बादल्या पायाने सरकवायला लागल्या. मी कुठून तरी आत शिरायच्या बेतात होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा गं सगळ्या!"

जिजी. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, हातात हंडा. हा हंडा गावाहून त्यांच्याबरोबर आला होता आणि मी तो माळ्यावर टाकला होता. तो त्यांनी कसा काढला देव जाणे. बायका बादल्या धरून मागे वळल्या. टँकरवाल्याने तोटी बंद केली.

"बाळंतीण कोण हाय हितं?"

एकेकीने बादली खाली ठेवली.

"बरं. आजारी कोण हाय?"

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. कोण आजारी आहे? कोणाला माहीत! जिजींचा विश्वासच बसेना. "एका जिन्यानं वर जाता, खाली येता, आन् कुणाच्या घरात काय चाललंय ठावं नाय? बायांनो, तुम्ही राहता तरी कशा?"

माझाच जुना प्रश्न माझ्याच सासूने आमच्या अख्ख्या सोसायटीला विचारला. शेवटी वॉचमन चाचरत म्हणाला, "तळमजल्यावरचे देशपांडे आजोबा मांडीचं हाड मोडून पडलेत. आजी एकट्याच आहेत." त्या आजी रांगेत नव्हत्याच. त्यांना बादली उचलवतच नव्हती. दार लोटून आत बसल्या होत्या.

जिजींनी पहिला हंडा भरला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. हो, माझ्या! गंगापूर रोडवर, भर दुपारी, डोक्यावर हंडा घेऊन मी देशपांड्यांच्या दारात गेले. आजींनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि रडायलाच लागल्या. मी आपली "अहो असू दे, असू दे" म्हणत हंडा मोरीतल्या बादल्यांमध्ये ओतला.

ते दिवस आमच्या बिल्डिंगचे लग्नघरासारखे गेले. जिजी रांग लावत, ज्या घुसतील त्यांना रागे भरत, एकीची पोरं दुसरीकडे सांभाळायला देत. कोणाची मुलगी माहेरी आलीय, कोणाला सांधेदुखी आहे, सगळं त्यांना पाठ. दोन भाकरी खाऊ लागल्या. चौथ्या दिवशी नळ आले, टँकर गेला आणि दारं पुन्हा बंद झाली. जिजी गॅलरीतल्या खुर्चीत येऊन बसल्या. मी चहा नेऊन दिला तर म्हणाल्या, "पाणी आलं आन् माणसं गेली."

त्या संध्याकाळी त्यांनी ह्यांना सांगितलं, "बाळू, मला गावी सोड."

हे उखडले. "काय ठेवलंय तिथे? दगड, वारा आणि ऊन. परत पडलीस तर?"

"पडले तर उचलायला पारी हाय. हितं पडले तर तुला हापिसातनं यावं लागंल."

"तू सुखाने का राहत नाहीस गं आई?"

जिजी हसल्या. "आरं, सुखच हाय हितं. पण ते सगळ्यांचं आपापलं हाय. तिथं पाणी नाय, म्हणून येकाला दुसरा लागतो. वारा मेला पत्रे उडवतो, म्हणून धरायला शेजारी धावतो. मला लोकांच्या कामी यायची सवय लागली बाबा. आता ती सुटायची नाय."

हे माझ्याकडे पाहायला लागले. त्यांना वाटलं मी त्यांची बाजू घेईन. मी म्हटलं, "सोडून या. इथे बसून वाळतील त्या." ह्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले. आणि जिजी? त्या माळ्यावरची पिशवी कुठे आहे ते विचारत होत्या!

त्यानंतर त्या बरीच वर्षं जगल्या. पारूबाईच्या मुलाने मोबाइल घेतल्यावर अधूनमधून फोन करायच्या. पहिलं वाक्य ठरलेलं, "नळाला पाणी हाय ना?" दुसरं, "देशपांडेबाई कशा हायेत?" उत्तर माहीत नसेल तर रागवायच्या, म्हणून मी फोन यायच्या आधी तळमजल्यावर चक्कर टाकून यायला लागले. मग ती सवयच झाली.

त्या गेल्या, त्याही वैशाखातच. सकाळी फोन आला. पहाटे उठून अंगण झाडलं, कडुलिंबाखाली बसल्या आणि बसल्या जागी गेल्या. गाडीत हे एकच धोसरा काढून बसले होते. "एवढी माणसं जमणार. गावात प्यायला पाणी नाही. आईची शेवटची आंघोळ तरी नीट व्हायला पाहिजे. जन्मभर घमेल्यात आंघोळ केली तिने." चांदवडला थांबून त्यांनी खासगी टँकर ठरवला आणि त्याला आमच्या मागोमाग घेतलं. मला बरं वाटलं. निदान एवढं तरी आपल्या हातून होतंय.

गावात शिरलो. वारा सुटला होता. आमच्या अंगणात वळलो आणि हे गाडीतून उतरता उतरता थांबले.

दारापासून कडुलिंबापर्यंत हंडे मांडलेले होते. पितळी, स्टीलचे, प्लास्टिकच्या कळश्या, एक पत्र्याचा डबासुद्धा. सगळे भरलेले, सगळ्यांवर झाकण नाही तर ताटली, धूळ जाऊ नये म्हणून. आणि टँकर गावात तीन दिवस आला नव्हता. पारूबाई पुढे आली. तिला मी विचारलं, "हे कोणी आणायला सांगितलं?"

"सांगाया कशाला लागतं?" ती म्हणाली. "पहिला हंडा आज जिजीचा."

हे तिथेच ओट्यावर बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. जिजींना आंघोळ घातली. बाजेवर नाही, घमेलं न ठेवता, मोकळं पाणी घालून. ते अंगणभर वाहत गेलं आणि कोणीही अडवलं नाही. आमच्या टँकरवाल्याने येऊन विचारलं, पाणी कुठे सोडू? ह्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "गावच्या विहिरीत. पण थांब जरा. पारूमावशी, आणखी कोणी आजारी आहे का गावात?"

सगळं आटोपल्यावरही काही हंडे भरलेले उरले. मी ते ज्याच्या त्याला परत द्यायला निघाले तर पारूबाईने हात धरला. दुःखाच्या घरी दिलेलं पाणी माघारी नेत नाहीत. मग आम्ही दोघींनी ते एकेक करून कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतले. त्या झाडाला जन्मात कधी एवढं पाणी मिळालं नव्हतं.