चमच्यावरची साय

आमच्या नर्सरीत बाळाच्या आईला यायला बंदी होती. आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं, पण आमचं भिलाई मध्य प्रदेशात होतं त्या काळात हीच पद्धत होती. आई बाहेरून जंतू आणते, म्हणून तिनं काचेतून बघायचं. डॉक्टर आत यायचे, आम्ही सिस्टर यायचो, फरशी पुसणारी बाई यायची. आम्ही सगळे जणू गंगेत न्हाऊन आलेले, आणि जंतू काय ते फक्त आईच्या अंगावर.

इस्पितळ जामुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं, लहानसं, नाव सांगावं असं काही नव्हतं. मी सेक्टर सहामधल्या क्वार्टरमधून सायकलनं जायचे. नवरा स्टील प्लांटमध्ये होता. त्याची शिफ्ट आणि माझी ड्युटी जुळली तर आम्ही एका वेळी जेवायचो, नाहीतर एकमेकांसाठी झाकून ठेवायचो. इस्पितळात दिवसभर हिंदी चालायची. मराठी पेशंट आला की मला बोलावणं यायचं, "आपके लोग आए हैं." माणूस भंडाऱ्याचा असो की वर्ध्याचा, तो माझाच नातेवाईक.

त्या हिवाळ्यात असेच माझे लोक आले. नवरा प्लांटमध्ये क्लार्क, बायको मॅट्रिक झालेली, भिलाईतच वाढलेली, आणि गावाकडून बाळंतपणासाठी आलेली सासू. मुलगी दिवस भरायच्या बरीच आधी झाली. दीड किलोसुद्धा भरली नाही. तिच्या अंगावरची कातडी सैल होती, मोठ्या बहिणीचा फ्रॉक घातल्यासारखी. आम्ही तिला कापसात गुंडाळून बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत ठेवलं. आमच्याकडे इन्क्युबेटर म्हणजे तीच पेटी.

एवढ्या लहान बाळाला अंगावर ओढायची ताकद नसते. म्हणून आईनं वॉर्डात बसून हातानं दूध काढायचं, उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत. वाटीवर झाकण घालून घरच्या कुणीतरी ती नर्सरीच्या खिडकीतून आमच्याकडे द्यायची. आम्ही ती फ्रिजमध्ये ठेवायचो आणि पाजायच्या वेळी गरम पाण्याच्या भगोन्यात वाटी नुसती उभी करून दूध कोमट करायचो. मग चमच्यानं थेंब थेंब पाजायचं. या मुलीची वाटी आजी आणायची. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, आणि वाटी अशी जपून धरलेली, जणू तिच्यात कुणाचा जीव आहे. होताच म्हणा.

सुरुवातीला मुलगी बरी होती. दूध पचत होतं, वजन घसरायचं थांबलं होतं. आणि मग एकाएकी बिघडली. पोट ढोलासारखं फुगलं, पाजलेलं उलटायला लागली, शी पातळ झाली. वजनाचा काटा रोज थोडा खाली. डॉक्टरांनी औषध बदललं, दुधाचं माप कमी केलं. मी चमचे दोनदा उकळायला लावले आणि फरशीवाल्या बाईवर उगाच डाफरले. मुलगी रडेनाशी झाली. लहान बाळ रडत असतं तोवर आमचा जीव थाऱ्यावर असतो.

एके सकाळी वाटी कोमट करून मी चमचा बुडवला, तर चमच्याच्या कडेला साय लोंबत वर आली.

मी तिथेच थांबले. आईचं दूध ठेवलं की वर पातळ पिवळट थर येतो, पण चमच्याला चिकटून लोंबणारी जाड साय धरायला दूध तापवावं लागतं, आणि तेही गाईम्हशीचं. मी चव घेतली. गाईचं दूध, पाणी घातलेलं. मी वाटी बाजूला ठेवली, त्या वेळेला मुलीला नुसतं ग्लुकोजचं पाणी दिलं आणि कुणाला काही न बोलता पुढच्या वाटीची वाट पाहत मागच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तिथे पेशंटचे नातेवाईक स्टोव्ह पेटवून स्वयंपाक करत.

आजी वॉर्डातून वाटी घेऊन आली. अंगणात पेरूचं झाड होतं. तिथे गेली, इकडे तिकडे पाहिलं, वाटीतलं दूध झाडाच्या बुडाशी हळूच ओतलं आणि हात जोडले. मग नळावर वाटी धुतली, आपल्या स्टोव्हशेजारच्या डब्यातून दूध घेतलं, झाकण लावलं आणि नर्सरीकडे निघाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुळात माझा स्वभाव थंड नाही. मी तिचा हात धरला आणि व्हरांड्यातल्या सगळ्यांदेखत तिला विचारलं, नात मारायची आहे का म्हणून. सासवांबद्दल जे जे मनात साठलेलं असतं तेही त्यात थोडं मिसळलं असणार. आजीनं वाटी तेवढी सांडू दिली नाही. मी दमले तेव्हा ती बोलली.

"तुमी तिचं दूध आगीवर ठेवता. म्या काचेतून पायलं. वाफ निंगून राहिली होती."

काचेतून दिसणारी वाफ भगोन्याची होती, आणि शेजारी चमचे उकळायचं पातेलं होतं त्याची. पण तिला त्या वाफेत सुनेची वाटी दिसली होती. आमच्याकडे जुन्या बायका मानतात की आईचं दूध आगीला लागलं की छाती आटते. काढलेलं दूध टाकायचं झालं तर पायदळी येणार नाही असं झाडाला घालायचं, चुलीजवळ न्यायचं नाही. माझी आजीही हेच सांगायची. मी ते नर्सिंग शिकायला गेले तेव्हा हसून सोडून दिलं होतं.

"माह्यं आटलं, बाई," ती म्हणाली. "पयलं पोरगं होतं माह्यं. वाटीतलं दूध चुलीत सांडलं, अन् मंग आलंच नाही. पोरगं गेलं. आता हे पोरगी घरी आली अन् सुनेचं दूध आटलेलं असलं, तं काय पाजू इले?"

म्हणजे ती घरचा विचार करत होती. इथे पेटीत मुलगी कशीबशी निभावेल, गाईच्या दुधावरही निभावेल, पण घरी आल्यावर आईचं दूध शाबूत पाहिजे. तिच्या हिशेबात चूक एवढीच होती की मुलगी घरी येणारच, असं तिनं धरलं होतं.

"आजी, घरी न्यायले पोरगी राह्यली पायजे ना," मी म्हटलं.

ती एकदम खाली बसली. मला वाटतं, दूध बदलून मुलीचं काही बिघडू शकतं हे तोवर तिच्या मनातच आलं नव्हतं. गावात आई नसलेली पोरं गाईच्या दुधावर वाढलेली तिनं पाहिली होती. पण ती पोरं हिच्या दुप्पट होती.

मी तिला समजावलं, दूध उकळत नाही, वाटी फक्त कोमट पाण्यात असते. तिनं "हो बाई" म्हटलं. म्हाताऱ्या माणसांचं ते "हो बाई" मला चांगलं माहीत आहे. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि हिचं तर अख्खं घर पोळलं होतं. उद्या पुन्हा दुसरीच वाटी येणार.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की फ्रिज, भगोनं, कोमट पाणी हा सगळा खटाटोप आई बाहेर आहे म्हणून. ती आत आली तर दूध तिच्या अंगातून थेट चमच्यात, चमच्यातून तोंडात. आगीचा प्रश्नच उरत नाही.

मी डॉक्टरांकडे गेले. ते दक्षिणेकडचे, माणूस चांगला, पण नियम सोडायला लागला की त्यांना घाम फुटायचा. आधी ते म्हणाले, म्हातारीला बाहेर काढा. मी म्हटलं, म्हातारी गेली तर सुनेला उठवणार बसवणार कोण, तुम्ही? शेवटी तयार झाले. एकच आई, अंघोळ करून, गाऊन घालून, तोंडाला फडकं बांधून. काही इन्फेक्शन झालं तर जबाबदारी माझी. तशीही ती माझीच असायची.

सून आत आली. झाल्यापासून तिनं मुलीला काचेतूनच पाहिलं होतं. पेटीजवळ उभी राहिली आणि मला विचारलं, "सिस्टर, हात लावू का?"

मला त्या प्रश्नाचा फार राग आला. तिचा नाही, आमचा. पोटच्या मुलीला हात लावायला ती माझी परवानगी मागत होती. मी म्हटलं, तुझीच आहे, लाव.

पहिल्या दिवशी चमच्याच्या तळाला जेमतेम चार थेंब आले. काळजीनं दूध कमी झालंच होतं. काचेपलीकडे आजी चमच्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, आटलं. मी उरलेलं ग्लुकोजवर भागवलं आणि सुनेला काही तासांनी परत बोलावलं. मग पुन्हा. मुलीचं पोट उतरलं, पण काटा आणखी थोडा खाली गेला, आणि मी घरी नवऱ्यावर खेकसले, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना.

मग सून मुलीचा पाय एका हातात धरून दूध काढायला लागली. कुणी शिकवलं नव्हतं. पाय हातात असला की दूध जास्त येतं असं तिचं म्हणणं, आणि खरंच येत होतं. चमचा भरायला लागला. काटा थांबला. मग एकदा वर गेला, इतका थोडा की मी मुलीला उचलून पुन्हा ठेवून पाहिलं. तेवढाच होता. मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनीही येऊन पाहिलं, आणि दाराशी जाताना म्हणाले, दुसऱ्या पेटीतल्या बाळाच्या आईलाही बोलवायला हरकत नाही.

पुढे मुलगी रडायला लागली, चांगली खणखणीत. एका दुपारी मी तिला आईच्या अंगाशी लावलं. थोडा वेळ नुसती शोधत राहिली, मग ओढायला लागली. गिळण्याचा आवाज ऐकू आला. मी न विचारताच आजीला आत घेतलं. एक नियम मोडलाच होता, तिथे दुसऱ्याचं काय.

आजी भिंतीला टेकून उभी राहिली. बराच वेळ पाहिलं. मग सुनेला म्हणाली, "तुह्यं दूध म्या झाडाले घालून राहिली होती. पोरीले गाईचं दिलं. ते बिमार पडली ते माह्यामुळं."

मी सुनेला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिचा चेहरा उतरला. तिनं वर पाहिलं नाही. मुलगी पीतच होती. मला वाटलं, आता हिच्या तोंडून काय निघेल ते निघो, निघालं तरी चूक नाही. मुलीनं तोंड बाजूला घेतलं. सुनेनं पदर सारखा केला आणि मुलीला दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"घ्या आई," ती म्हणाली. "ढेकर काढा तिची."

आजीनं नातीला पहिल्यांदाच हातात घेतलं. खांद्यावर घेणं बरोबर होतं, अनेक पोरं घेतलेल्या बाईचं. पाठीवर दोन बोटांनी थापटलं. ढेकर आली आणि तिच्याबरोबर थोडं दूध आजीच्या लुगड्यावर आलं. मी पुसायला फडकं घेऊन पुढे झाले, तर तिनं खांदा मागे घेतला. त्या डागासकट ती संध्याकाळपर्यंत वॉर्डभर फिरली, आणि कुणी विचारो न विचारो, प्रत्येक खाटेपाशी थांबून सांगत होती, माह्या सुनेचं दूध आहे म्हणून.