जवळा निवडायची वेळ

संध्याकाळी शाळेतून आले की मी पुढचं दार लावते, फोन बाजूला ठेवते आणि सुपात जवळा, म्हणजे बारीक सुकी कोलंबी, घेऊन निवडत बसते. जवळा संपला असेल तर तांदूळ. दिवसभर वर्ग सांभाळल्यावर मला माणसाचा आवाज सोसत नाही. खडा-कचरा वेचता वेचता डोकं जागेवर येतं. महाडच्या आमच्या आळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वेळी मला कुणी हाक मारत नाही.

शेजारचा ट्रकवाला नेमका तेव्हाच बायकोला मारायचा. भिंत दोन्ही घरांत एकच. आधी भांडं आपटायचं, मग ती. मी त्याला तोंडावर बोलले, पोलिसांनाही बोलावलं. ते आले की ती म्हणायची, "पडले मी." आणि त्याने रडून दाखवलं की परत त्याला वाढायला बसायची.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ती मागच्या दाराने आत घुसली. कानातून रक्त, ब्लाउज खांद्यावर फाटलेला. मी पोलिसांना फोन लावला. बोलून होतंय तोवर तो त्याच मागच्या दारात उभा, हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी.

"बाई, तुमच्या शांततेच्या टायमाला तरास देतोय, माफ करा," तो म्हणाला. खरंच असंच म्हणाला. "तेवढी तिला भायेर काढा."

"पोलीस येतायत. घरी जा."

"घरातलीच न्यायला आलोय की."

मी दार लोटलं. त्याने एक हात फटीत घातला आणि दुसऱ्याने टॉमी हाणली. फळीची ढलपी उडून माझ्या गालात घुसली. माझा जोर पुरेना. तेवढ्यात मागून तिने सगळं अंग दारावर टाकलं. बोटं मोडल्याचा आवाज आम्हा दोघींना ऐकू आला. तो ओरडला आणि त्याने हात हिसडून काढला. दार बसलं आणि मी कडी अर्धी सरकवली.

बाहेर टॉमी खाली पडली. मग रडणं सुरू झालं.

"गो, बोटं तुटली माझी. उघड ना. उद्या गाडी कशी चालवू? खाशील काय तू?"

तिचा हात कडीवर गेला. मी मधे पडले नाही.

"बाई, खरंच रडतोय का ओ तो?"

"हो. खरंच रडतोय."

"मग रडू दे," ती म्हणाली आणि तिने कडी सरकवून घट्ट लावली.