खडकावर टेकलेला बर्फ

दीक्षाने समुद्र कधी पाहिलेला नाही. बेसा या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये बसून ती अंटार्क्टिकाच्या भरती-ओहोटीचं मॉडेल बनवते. तिथला बर्फ जमिनीवरून सरकत येतो आणि पुढे समुद्रावर तरंगतो. खालचं पाणी चढलं की बर्फ उचलला जातो, उतरलं की खाली बसतो.

तिचा भाऊ प्रशिक तिथे डिझेल मेकॅनिक म्हणून गेला होता. गाडीसकट बर्फाच्या भेगेत पडला. सापडला नाही. त्यानंतर तिने हा विषय घेतला. मी तिची कॉलेजातली मैत्रीण, मराठी घेऊन शिकलेली. मला यातलं फारसं कळत नाही. मी नुसती जाऊन बसते.

एकदा तिने आईला, म्हणजे जयामावशींना, सांगितलं, प्रशिक जिथे आहे तो बर्फ रोज वर-खाली होतो. मावशींना तो त्याचा श्वास वाटला. मग रोज चहा देताना विचारायच्या, "आज कसा हाय? वर का खाली?"

"वर चढून राहिला, आई."

नातेवाइकांनी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या विधीचा, विषय काढला की म्हणायच्या, "जित्या माणसाचं करतेत का?" फोटोला हार घालू देत नसत.

परवा उपग्रहाची नवी मोजणी आली. ती भेग तरंगत्या बर्फात नव्हतीच. तिथे बर्फ खडकावर टेकलेला आहे. भरती तिथवर जात नाही. दीक्षा रोज सांगत होती ते कधी घडलंच नव्हतं.

"नको सांगू," मी म्हणाले.

"मग कोण सांगन? तू?"

मावशी चहा घेऊन आल्या. "कसा हाय?"

"आई, माझं चुकलं. तो बर्फ वर-खाली हालतच नाही. खाली खडक आहे."

"कधीच नाही हालला?"

"नाही."

मावशींनी ट्रे खाली ठेवला. "पाणी नाही तिथं?"

"नाही."

"म्हणजे माहा पोरगा जमिनीवर हाय." त्या खुर्चीत बसल्या. "त्याले पोहता येत नोतं वं. मले तेच खाऊन राहिलं होतं." मग उठल्या. "बोलाव भंतेजींले. होऊ दे त्याचं पुण्यानुमोदन."

त्या फोटो पुसायला आत गेल्या. दीक्षाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. एक निळी रेघ होती. बर्फ खडक सोडून तरंगायला लागतो ती जागा.

"दरवर्षी आत सरकून राहिली," ती हळू म्हणाली. "गरम पाणी खालून शिरते."

"प्रशिकपर्यंत पोचेल?"

तिने होकारार्थी मान हलवली.

आतून मावशींचा आवाज आला, "दीक्षा, पौर्णिमेले ठेवू का वं?"

"ठेव, आई," ती म्हणाली, आणि मॉडेल पुढच्या वर्षांसाठी चालू केलं.