मांडीवर न घेतलेली नात

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, पण अंजनगावच्या आमच्या गल्लीत सगळे भोंगाबाई म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. अंगणात उभ्या राहून "काहून वं, आज चूल पेटली नाई का?" असं विचारायच्या, ते पलीकडच्या गल्लीतल्या बाईला! मी मोर्शीची, हळू बोलणारी. मला म्हणायच्या, "तुह्या तोंडात कापूस कोंबला का माय?" कापसाला भाव नव्हता, बैलजोडी विकून झाली होती, पण आत्याबाईंचा आवाज काही उतरला नव्हता.

भीड म्हणून ठाऊक नाही. बाजारात कुणी सडका संत्रा दिला, तर सोलून त्याच्याच हातावर ठेवत. "पयले तू खाऊन दाखव!"

मला मुलगी झाली आणि हा भोंगा एकाएकी बंद पडला. बाळाला त्या लांबूनच बघत. मी मांडीवर द्यायला गेले की उठून परसात जात. ताट वेगळं, अंथरूण वेगळं. मी म्हटलं, झालं! मुलगी झाली म्हणून हे नाक मुरडणं. जीव जळायचा नुसता.

असे कितीतरी महिने गेले. एका दुपारी मी त्यांचा परकर धुवायला उचलला, तर अंगावर ओरडल्या, "हात नोको लावू त्याले! घान हाये ते." परकरावर दह्याच्या कवडीसारखं पांढरं काहीतरी होतं. मी हात धरून खाली बसवलं, तेव्हा कुजबुजल्या, "खाली लय खाजते वं. लघवीले आग होते. तुरटीच्या पान्यानं धुतो, त अजूनच भडकते." मग पदरात तोंड घातलं. "मी विधवा बाई. मले तिथचा रोग झाला म्हनलं, त लोक काय समजतीन? अन् लेकराले लागला त?"

अगं बाई! म्हणजे हे असं होतं तर. दोघीही मान वर करेनात.

नवऱ्याला खरं सांगायची आमची छाती झाली नाही. "आत्याबाईंचं पोट दुखतं," म्हणून त्यांना अमरावतीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वास येतो का, ताप येतो का, ओटीपोट दुखतं का, असं बाईंनी विचारलं. तसलं काही नव्हतं. मग आतून तपासलं, रक्त तपासलं. म्हणाल्या, "ही बुरशी आहे. तुमची साखर फार वाढलीय, म्हणून वाढली. कुणाकडून यावी लागत नाही, आणि बाळाला मांडीवर घेतल्यानं लागतही नाही." तुरटी आणि साबण बंद, सुती कोरडे कपडे, झोपताना आत ठेवायची गोळी, वरून मलम. बरं वाटलं तरी गोळ्या पूर्ण करायच्या, आणि साखर आटोक्यात नसली तर हे पुन्हा होणार, असं बजावलं.

"कोनाकडून नाई ना?" आत्याबाई परत परत तेच विचारत होत्या.

"या वयात हे कोनते चाळे करायले लावता?" म्हणून घरी रडल्या, पण गोळी ठेवली. हळूहळू आग थांबली, खाज गेली.

आता त्यांना जाऊन वर्षं झाली. गल्लीला त्यांचा भोंगा आठवतो. मला आठवते ती सकाळ, त्या पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "आन वं इकडे माही नात." मी पोरीला मांडीवर दिलं. पोरगी तोवर बसायला लागली होती, माणसं ओळखायला लागली होती. तिनं आजीकडे पाहिलं आणि भोकाड पसरून दोन्ही हात माझ्याकडे केले.

"वळखत नाई मले," आत्याबाई म्हणाल्या. "एका घरात राहून वळखत नाई."

आग लागो त्या लाजेला.