थांबवून ठेवलेले निरोप

नाट्यगृहात तिला सगळे पोस्टमास्तरीण म्हणतात. हे नाव तिच्या भावोजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने पाडलं. रंगमंचाखालची यंत्रं तेच सांभाळतात. तिकीट खिडकीचा संगणक दुरुस्त करायला तिला इथे आणलं तेही त्यांनीच. ती आली ती राहिलीच.

दिग्दर्शकाच्या टेबलावरचा प्रोग्राम जुना, आणि रंगमंचाचा मधला भाग वरखाली करणाऱ्या लिफ्टचा प्रोग्राम नवा. दोघांचं थेट बोलणं होत नाही. म्हणून मध्ये तिने एक प्रॉक्सी, म्हणजे निरोप्याचं काम करणारा छोटा प्रोग्राम, बसवली आहे. संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की ती सुरू होते, इकडचा निरोप घेते, तिकडे पोचवते. बटणं नाहीत, चित्रं नाहीत.

मागे दिग्दर्शकाने कुरकुर केली होती की निरोप मधल्या मध्ये गळतात. तिने त्या ओळीत एक शब्द वाढवला. त्याचा अर्थ असा, की लिफ्टने उत्तर दिलं नाही तर निरोप टाकायचा नाही, जपून ठेवायचा आणि लिफ्ट जागी झाली की द्यायचा. दिग्दर्शक खूश झाला.

त्या दुपारी तालमीत लिफ्ट अर्ध्यावर अडकली. तिचा प्रोग्राम गोठला होता. भावोजी लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरले आणि मागून कुणी आत येऊ नये म्हणून नियमाप्रमाणे त्यांनी दाराला आतून कडी लावली. साखळीत गुंतलेलं पडद्याचं कापड ओढताना लिफ्टची चौकट बोटभर खाली खसकली आणि त्यांचा पंजा तिच्याखाली सापडला. बंद करायचं लाल बटण दाराशी होतं, हात पोचणार नाही इतकं लांब. वीज तोडली असती तर लिफ्ट खाली आली नसती, पण वरही गेली नसती. हात सुटायला ती वर जायला हवी होती.

"पोस्टमास्तरीणबाई," कानातल्या फोनवर आवाज आला, "जरा वर घ्या. हात अडकलाय."

"हलू नका, भावोजी."

"हलायला ठेवलंय काय इथे."

दिग्दर्शक तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "ताई, लिफ्टचा प्रोग्राम बंद करून चालू करा. नेहमी तेच तर करतो आपण."

तिने तशी ओळ टाइप केली. बोट एन्टरवर गेलं आणि नजर शेजारच्या, प्रॉक्सीच्या काळ्या पडद्यावर. खाली. खाली. खाली. ओळींची रांगच लागली होती.

"मघाशी टेबलावरचं 'खाली'चं बटण कितीदा दाबलंत?" तिने दिग्दर्शकाला विचारलं.

"हलेना, म्हणून दाबत राहिलो."

लिफ्ट जागी झाली असती, तर ते सगळे निरोप तिला एका दमात मिळाले असते आणि ती भावोजींवर उतरली असती. जपून ठेवायची सोय पोस्टमास्तरणीनेच केली होती.

तिने टाइप केलेली ओळ पुसली आणि प्रॉक्सी बंद केली. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. लिफ्ट वर घ्यायचा निरोपही प्रॉक्सीतूनच जाणार होता. साठा डिस्कवर राहतो, आणि पुन्हा सुरू होताच प्रॉक्सी आधी तोच वाटायला घेते. तो टाकून द्यायचाही एक शब्द होता. नेमका तोच आठवेना. तिने मदतीचं पान उघडलं.

"झोपलीस का गं?" आवाज बारीक झाला होता.

"वाचतेय."

"आत्ता?"

"आत्ताच. गप्प बसा जरा."

शब्द सापडला. तिने तो टाइप केला. साठा रिकामा, असं पडद्यावर उमटलं. तिचा विश्वास बसेना.

"टेबलापासून लांब व्हा," ती दिग्दर्शकाला म्हणाली. तो झाला.

तिने प्रॉक्सी सुरू केली, मग लिफ्टचा प्रोग्राम. पहिला निरोप नुसता प्रश्नाचा होता: कुठे आहेस? उत्तर आलं: अर्ध्यावर, थांबलेली. त्यामागून काही आलं नाही. मग तिने लिहिलं: वर, एक वीत.

खाली मोटर घरघरली आणि थांबली. बऱ्याच वेळाने फोनवर कडी निघाल्याचा आवाज आला.

भावोजींची करंगळी आता वाकत नाही. बहिणीने दोघांनाही फैलावर घेतलं. एकाला हात घातला म्हणून, दुसरीला वेळ लावला म्हणून.

वाढवलेला तो शब्द पोस्टमास्तरणीने काढून टाकला. लिफ्टने उत्तर दिलं नाही तर निरोप आता तिथेच संपतो. दाबलेलं बटण वाया जातं, अशी दिग्दर्शकाची तक्रार पुन्हा सुरू झाली आहे.

"मग परत दाबा," ती सांगते. "त्याआधी खाली कोण आहे ते विचारा."