अल ऐनच्या पाटावर नाना

दुबईच्या विमानासाठी मी घर सोडलं, त्या सकाळी नानांनी मोटारसायकल काढलीच नाही. माझी बॅग खांद्यावर टाकली आणि पाटाच्या कडेकडेनं मला फाट्यावर एस.टी.ला सोडायला चालत निघाले. पांझरेकाठच्या आमच्या गावात माझे वडील पाटकरी होते. पाटाचं पाणी कुणाच्या शेताला किती वेळ, ते पाळीनं सोडणं त्यांचं काम. वाटेत एवढंच म्हणाले, "तिकडं पाणी जपून वापर, माय. वाळवंट आहे."

त्याला बारा वर्षं झाली. हमरिया फ्री झोनमधल्या एका पेंट कंपनीत मी क्वालिटी लॅब बघते. शारजात चौदाव्या मजल्यावर राहतो आम्ही. तिकडं गावात शेतोशेती पाइप आले, पाट गाळानं बुजला, नानांना कुणी विचारेना. आई गेल्यावर तर ते बोलायचेच थांबले. म्हणून या हिवाळ्यात हट्टानं त्यांना इथं आणलं.

आठव्या दिवशी म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं कर. इथं मी काय करू?" माझी इरा नऊ वर्षांची. मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत. आजोबा-नात एकमेकांकडे बघून नुसते हसायचे.

शनिवारी त्यांना अल ऐनला नेलं. तिथल्या खजुराच्या जुन्या बागेतून फलज वाहतो. फलज म्हणजे आपला पाटच. डोंगरापासून जमिनीखालून खणत आणलेला, नुसत्या उतारावर चालणारा. पंप नाही, मोटर नाही. किती पिढ्यांपूर्वी कुणी हा उतार हातानं साधला असेल! नाना वाकून तळ बघत, कडेच्या दगडांवर हात फिरवत चालले होते. "काय नजर असेल या लोकांची," असं दोनदा म्हणाले. इथं आल्यापासून, तिकिटाचं सोडलं तर, त्यांनी आपणहून काढलेले ते पहिले शब्द.

एका वळणावर थबकले. बाजूच्या वाफ्याकडे जाणारं पाणी अडवणाऱ्या फळीखालून पाणी गळत होतं, आणि पेशावरकडचे एक म्हातारे कामगार तिथं चिंध्या कोंबत होते. नानांनी पायजमा वर खोचला. खजुराचा काथ्या चिखलात मळला आणि फळीच्या बुडाशी बोटांनी दाबून बसवला. गळती थांबली.

"खलास!" म्हातारे हसले. "आप भी पानीवाला?"

"छत्तीस साल," नाना म्हणाले, आणि ताठ उभे राहिले.

मग दोघं कडेवर बसले. त्या पेशावरच्या चाचांनी सांगितलं, पूर्वी इथं काठीच्या सावलीवरून प्रत्येकाची पाळी मोजत. नाना उडालेच. "हमारा बाप भी! पाँव से सावली नापता था!"

इरा मला म्हणाली, "सो आजोबा वॉज द बॉस ऑफ द वॉटर?"

मी भाषांतर करायच्या आत नानांनी मान हलवली. "बॉस नाही गं. चाकर. पाण्याचा चाकर."

त्यानंतर दोन तास आजोबा-नात माझ्यापुढं चालत होते. ती पाण्यात पान सोडायची, ते कुठं अडेल हे नाना आधीच सांगायचे. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

गावी परतल्यावर नानांनी दोन जुन्या सोबत्यांना घेतलं आणि पाटातला गाळ उपसायला लागले. लोक हसले, मग चारजण फावडी घेऊन आले. पाणी आता शाळेपर्यंत येतं. पुढं एकानं पाटावरच गोठा बांधलाय, ते भांडण अजून चालू आहे. पण नाना भांडतायत, याचंच मला अप्रूप.

माझ्यासारखेच गाव सोडून आलेले इथं पुष्कळ आहेत. आपण सगळे "घरी जायचंय" म्हणतो ते गावाबद्दल. इथल्या जागेला फ्लॅट म्हणतो. परवा मी ट्रॅफिकमध्ये अडकले असताना नानांचा फोन आला. इतकी वर्षं माझ्या इथल्या जागेला ते "तिकडं" एवढंच म्हणत आले होते. परवा विचारलं, "उशीर झाला माय, घरी पोचलीस का?"

"पोचतेच आहे नाना," म्हटलं, आणि शारजाच्या एक्झिटला गाडी वळवली.