नीळमणीबाबूंचा ळ

नीळमणी षडंगींना कुणी नीलमणी म्हटलेलं चालत नसे. पाटण्याच्या विधानसभेत त्यांचं नाव तसं पुकारलं गेलं, तेव्हा ते जागचे हललेच नाहीत. "त्या नावाचा माणूस मी नाही," म्हणाले, आणि तेही ओडियात. सभागृह हसलं. खरकाई नदीकाठच्या आमच्या गावानं मात्र ती गोष्ट पुढं कित्येक दिवस चघळली. आमचं ओडिया संस्थान मोडून आम्ही बिहारात गेलो आणि कचेरीतून, शाळेतून ओडिया उठली. तिच्यासाठी हातपाय आपटणारा हा एकच पंडित उरला होता.

आमदारकीत स्वतःचं गळकं घर त्यांनी शाकारलं नाही, पण सरकारच्या मानगुटीवर बसून गावात ओडिया शाळा आणली. मी तिथं शिकवत होते. मला त्यांचा आदर होता आणि तितकाच रागही येई. दोन्ही अजून आहेत.

कारण भाषा त्यांनी देव्हाऱ्यात बसवली होती आणि सोवळ्याशिवाय तिला कुणाला हात लावू देत नसत. ओडियात कालि म्हणजे काल, उद्याही कालिच. काळि म्हणजे शाई. वाडीतल्या महतो शेतकऱ्यांची पोरं तिन्हींना कालिच म्हणत. त्यांच्या घरी कुरमाली बोलीची सरमिसळ, ळ जिभेवर बसायचाच नाही.

एकदा शाळेत पालक जमलेले असताना सोमबारी महतोची चांदो शाईचे हात घेऊन आली आणि म्हणाली, "हाताला कालि लागली."

बाबू म्हणाले, "काल लागला होय गं हाताला? मग उद्या पायाला लागेल."

सगळे खो खो हसले. सोमबारीही पदर तोंडाला लावून हसली. "पंडितबाबू, आम्ही घरी असंच बोलतो."

"ते ओडिया नव्हे, बाई. काय आहे ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

सोमबारीचं हसू तिथंच विरलं.

त्या दुपारी मी त्यांच्या घरी गेले. "बाबू, शाळा भरते ती महतोंच्या पोरांवर. बामणांची पोरं कधीच जमशेदपूरला इंग्रजी शिकायला गेली. तुमचा नातूसुद्धा."

"म्हणून वाटेल तसं बोलू द्यायचं?"

"आधी बोलू तर द्या."

समोरचा पाण्यात भिजवलेला पखाळभात तसाच टाकून ते उठले. नातवाचं नाव काढायला नको होतं असं माझी आई म्हणाली. मला तसं वाटलं नाही.

पुढच्याच वर्षी सरकारी अधिकारी आला. पालकांनी एकेक करून घरची भाषा सांगायची, ओडियावाले कमी पडले तर शाळा हिंदी होणार. बाबू कडक धोतर नेसून पुढं बसले होते. पहिली सोमबारी उठली.

"घरी काय बोलता?"

"ओडिया नाही, साहेब. हिंदी लिहा."

बाबू ताडकन उठले. "अगं, जन्मभर ओडियाच बोलतेस की तू!"

"आज्ञा," ती अदबीनं म्हणाली, "सगळ्यांदेखत तुम्हीच नाही म्हणालात. तुमच्यासारखा पंडित खोटं कसं बोलेल?"

तिच्या बोलण्यात खोच असती तर बरं झालं असतं. ती मनापासून विचारत होती. तिच्यामागून महतोंची सगळी घरं हिंदी म्हणाली, आणि एकाही बामणाचं पोर त्या शाळेत नव्हतं.

संध्याकाळी बाबू मला घेऊन तिच्या दारी गेले. एरवी त्या वाडीत ते फक्त मतं मागायला जात. सोमबारीनं खाट टाकली, लोटाभर पाणी दिलं. त्या घरचं पाणी ते पहिल्यांदाच प्यायले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "येईल तसं बोल, पण त्याला ओडिया म्हण. मी साहेबाचे पाय धरतो."

"चांदोलाच विचारा ना, बाबू."

त्यांनी विचारलं. पोरीनं हिंदीत उत्तर दिलं, तेही धड नव्हतं.

सोमबारी म्हणाली, "हिंदीतही चुकतेच ती. पण हिंदी शाळेत सगळेच चुकतात, म्हणून तिला कुणी हसणार नाही."